शांतिध्वजाचा चित्रकार

हिमाचल प्रदेशात कुलूहून मनालीकडे जाताना बियास नदीच्या डाव्या तीरावर, डोंगराच्या उतरणीला, नग्गर नावाचे एक लहानसे गाव लागते. गावाच्या वरच्या अंगाला देवदारांच्या बनात एक जुने घर आहे. घराच्या खालच्या बाजूस एक मोठी ओबडधोबड शिळा उभी आहे. भारताचा थोर रशियन मित्र म्हणून जिचा गौरव तिच्यावर कोरला आहे, त्या व्यक्तीच्या देहाला याच ठिकाणी अग्नी देण्यात आला. नेवा नदीच्या काठी जन्मलेल्या आणि बियासच्या खोऱ्यात चिरविश्रांती घेतलेल्या त्या पुरुषाचे नाव निकोलाय रोरिक.

रोरिक हे चित्रकार होते. त्यांनी आपल्या आयुष्यात हजारो चित्रे काढली, नाटकांचे पडदे रंगवले, नर्तकांचे वेष रेखाटले. परंतु जगाला त्यांनी चित्रांखेरीज आणखी एक देणगी दिली. ती म्हणजे एक पांढरे निशाण. त्या निशाणावर एक तांबडे वर्तुळ आणि त्या वर्तुळात तीन तांबडे गोल आहेत. एका चित्रकाराच्या मनात असे निशाण उभारण्याचा विचार का आला, हे समजण्यासाठी त्यांच्या बालपणापासून आरंभ केला पाहिजे.

निकोलायचा जन्म ९ ऑक्टोबर १८७४ रोजी रशियाची तत्कालीन राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. त्याचे वडील कॉन्स्तांतिन हे कायद्याचे जाणकार होते. करारनाम्यांवर शिक्कामोर्तब करण्याचा त्यांचा व्यवसाय चांगला चालत असे. शहरापासून काही अंतरावर इझ्वारा नावाच्या खेड्यात त्यांची जमीन व वाडा होता. निकोलाय लहानपणी वारंवार आजारी पडे. खोकला व दमा त्याची पाठ सोडीत नसत. उबदार खोलीत कोंडून ठेवण्याऐवजी मुलाला मोकळ्या हवेत हिंडू द्यावे, असा सल्ला वैद्यांनी दिला. त्यामुळे इझ्वाराची रानेवने, तळी आणि बर्फाने झाकलेली माळराने हीच त्याची शाळा झाली.

त्या माळरानावर ठिकठिकाणी मातीचे जुने उंचवटे होते. गावातील लोक त्यांच्याजवळून जाताना थोडे बिचकत. निकोलाय सुमारे नऊ वर्षांचा असताना इवानोव्स्की नावाचे एक पुराणवस्तुसंशोधक इझ्वाराला आले. हे उंचवटे म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांची थडगी आहेत, हे त्यांनी ओळखले आणि काळजीपूर्वक उत्खनन सुरू केले. लहानग्या निकोलायलाही त्यांनी मदतीला घेतले. मातीच्या थरांतून कुणाचे कंकण वर येई, तर कुणाची भाल्याची पाती. ज्यांची नावेही कुणाला ठाऊक नाहीत अशा माणसांनी घडवलेल्या त्या वस्तू हातात घेताना मुलाच्या अंगावर रोमांच उभे राहत. मातीखाली एक संपूर्ण जग झोपलेले आहे आणि फावड्याचा एक निष्काळजी घाव त्याचा कायमचा नाश करू शकतो, ही गोष्ट तो त्या वयातच शिकला.

इझ्वाराच्या वाड्यात एका हिमशिखराचे जुने चित्र टांगलेले होते. मावळत्या उन्हात ते शिखर तांबूस झालेले दाखवले होते. ते चित्र निकोलायला फार आवडे. ते शिखर हिमालयातील कांचनगंगेचे होते, हे त्याला पुष्कळ वर्षांनी कळले.

शाळेत असताना निकोलाय सतत चित्रे काढीत असे. त्याच्या वडिलांचे एक चित्रकार स्नेही होते. त्यांनी मुलाच्या हातातील गुण ओळखला आणि त्याला रेखाटनाचे पहिले धडे दिले. परंतु आपल्या मुलाने आपलाच व्यवसाय चालवावा, अशी वडिलांची इच्छा होती. चित्रकलेवर पोट कसे भरणार, ही त्यांची चिंता होती. निकोलायने वडिलांचा शब्द मोडला नाही आणि आपला ध्यासही सोडला नाही. १८९३ साली त्याने विद्यापीठात कायद्याच्या वर्गात नाव घातले आणि त्याच वर्षी तो चित्रकलेच्या शाही अकादमीतही दाखल झाला. विद्यापीठासाठी त्याने जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता प्राचीन रशियातील कलावंतांचे कायदेशीर स्थान. कायदा व कला या दोन वाटा एकमेकींपासून दूर जातात, असे सर्वांना वाटत होते. पुढे त्याच वाटा एकत्र येणार होत्या.

अकादमीत त्याला आर्खिप कुइंजी हे गुरू लाभले. कुइंजी एका गरीब चांभाराचे पुत्र होते आणि स्वतःच्या कष्टाने नामवंत चित्रकार झाले होते. नदीवर पडलेले चांदणे त्यांच्यासारखे कुणालाच रंगवता येत नाही, अशी त्यांची ख्याती होती. ते शिष्यांवर पोटच्या मुलांप्रमाणे माया करीत, परंतु कामात कसूर चालू देत नसत. त्यांच्या हाताखाली रोरिक यांनी १८९७ साली ‘दूत’ हे चित्र पूर्ण केले. रात्रीची वेळ आहे. नदीतून एक नाव चालली आहे. एक टोळी दुसऱ्या टोळीवर उठली आहे, ही वार्ता घेऊन एक दूत त्या नावेत बसला आहे. त्या काळी मॉस्कोमध्ये त्रेत्याकोव या धनिकाने रशियन चित्रांचा मोठा संग्रह उभारला होता. त्यांनी हे चित्र आपल्या संग्रहासाठी विकत घेतले. तेवीस वर्षांच्या तरुणाला याहून मोठा मान कोणता मिळणार?

त्यानंतर स्तासोव नावाचे थोर कलासमीक्षक रोरिक यांना मॉस्कोत लिओ टॉलस्टॉय यांच्या भेटीस घेऊन गेले. ‘दूत’ या चित्राचे छायाचित्र पाहून टॉलस्टॉय यांनी तरुण चित्रकाराला नावेसंबंधीच एक गोष्ट सांगितली. वेगवान नदी ओलांडणाऱ्याने जेथे उतरायचे त्या ठिकाणाच्या बरेच वर नाव हाकली पाहिजे, कारण प्रवाह तिला खाली ओढणारच. आयुष्यातही माणसाने आपले ध्येय असेच वरच्या अंगाला ठेवले पाहिजे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. रोरिक यांनी हा उपदेश जन्मभर जपून ठेवला.

१९०१ साली त्यांचा विवाह एलेना शापोश्निकोवा यांच्याशी झाला. एलेना विदुषी होत्या, उत्तम पियानो वाजवीत आणि तत्त्वज्ञानाची त्यांना ओढ होती. १९०२ साली त्यांचा थोरला मुलगा यूरी आणि १९०४ साली धाकटा स्वेतोस्लाव जन्मास आला. १९०३ आणि १९०४ च्या उन्हाळ्यांत रोरिक दांपत्याने रशियातील प्राचीन नगरांचा प्रवास केला. जुने किल्ले, मठ, घुमटांची देवळे आणि लाकडी वाडे पाहत ते गावोगाव हिंडले. रोरिक यांनी त्या वास्तूंची पाऊणशेच्या आसपास चित्रे काढली. परंतु या प्रवासात आनंदाबरोबर दुःखही त्यांच्या वाट्याला आले. कुठे शेकडो वर्षांच्या भिंतींवर चुना फासलेला होता. कुठे तटबंदीचे दगड घरे बांधण्यासाठी उपसून नेले जात होते. शत्रूने नव्हे, तर आपल्याच माणसांनी अज्ञानामुळे हा नाश चालवला होता. परतल्यावर रोरिक यांनी लेख लिहून आणि व्याख्याने देऊन प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी लोकांना जागे करण्यास आरंभ केला.

१९०६ साली सेंट पीटर्सबर्गमधील एका मोठ्या कलाशाळेचे ते संचालक झाले. या शाळेत सर्व थरांतील मुलांना प्रवेश असे. चित्रकलेबरोबर भरतकाम, विणकाम, मातीची भांडी घडवणे, लाकूडकाम अशा हस्तकलाही तेथे शिकवल्या जात. चित्रकार श्रेष्ठ आणि कारागीर कनिष्ठ हा भेद रोरिक यांना मान्य नव्हता. वितेब्स्क या गावाहून आलेला मार्क शागाल नावाचा एक गरीब यहुदी मुलगा या शाळेत शिकत होता. रोरिक यांनी त्याला शिष्यवृत्ती मिळवून दिली. तोच पुढे जगप्रसिद्ध चित्रकार झाला.

याच काळात रोरिक यांचा रंगभूमीशी निकटचा संबंध आला. नाटकाचा नेपथ्यकार हा केवळ पडदे रंगवणारा नसतो. पडदा उघडताच प्रेक्षकाने आपले नगर, आपला काळ विसरून दुसऱ्याच जगात गेले पाहिजे, अशी किमया त्याला करावी लागते. दियाघिलेव नावाच्या कल्पक रसिकाने रशियाचे संगीत व नृत्य पॅरिसला दाखवण्याचे ठरवले, तेव्हा बोरोदिन यांच्या ‘राजपुत्र ईगोर’ या संगीतिकेतील नृत्यांचे नेपथ्य त्याने रोरिक यांच्याकडे सोपवले. १९०९ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये पडदा वर गेला आणि प्रेक्षकांसमोर आशियाचे विस्तीर्ण गवताळ माळरान उभे राहिले. भटक्या टोळ्यांचे तंबू, त्यांतून वर चढणारा धूर आणि वर सोनेरी-तांबडे अफाट आकाश. त्यापुढे नर्तकांनी बेभान होऊन नाच केला. पॅरिसचे रसिक भारावून गेले.

काही काळाने स्त्राविन्स्की हा तरुण संगीतकार रोरिक यांच्याकडे एक कल्पना घेऊन आला. प्राचीन स्लाव लोक वसंत ऋतूच्या स्वागतासाठी पृथ्वीची पूजा कशी करीत, हे त्याला नृत्यनाट्यातून दाखवायचे होते. त्या लोकांचे जीवन रोरिक यांच्याइतके जाणणारा दुसरा कोण होता? लहानपणी ज्यांच्या थडग्यांतील कंकणे त्यांनी हातात घेतली होती, अशाच माणसांना आता रंगमंचावर उभे करायचे होते. १९११ च्या उन्हाळ्यात दोघे स्मोलेन्स्कजवळच्या तालाश्किनो या गावी भेटले. तेथे तेनिशेवा नावाच्या सरदारस्त्रीने जुन्या लोककलेच्या वस्तूंचा मोठा संग्रह केला होता. तेथे पोहोचण्यासाठी स्त्राविन्स्कीला मालगाडीच्या डब्यात एका बैलाच्या सोबतीने प्रवास करावा लागला, असे तो पुढे गमतीने सांगत असे. दोघांनी मिळून नाट्याची कथा रचली आणि रोरिक यांनी जुन्या शेतकरी वेषांचा अभ्यास करून नर्तकांचे वेष रेखाटले.

‘वसंताचा विधी’ हे ते नृत्यनाट्य २९ मे १९१३ रोजी पॅरिसमध्ये प्रथम सादर झाले. संगीताचे ठोके आडदांड होते. निजिन्स्कीने बसवलेल्या नृत्यात पाय आत वळवून जमिनीवर आपटायचे होते. नाजूक नृत्याला सरावलेल्या प्रेक्षकांना हे सहन झाले नाही. कुणी हसू लागले, कुणी ओरडू लागले, तर कुणी त्यांना गप्प करण्यासाठी त्यांच्याहून मोठ्याने ओरडू लागले. गोंगाटात वाद्ये ऐकू येईनात, म्हणून निजिन्स्की पडद्याआड खुर्चीवर उभा राहून नर्तकांना ओरडून ताल सांगत होता. तरीही प्रयोग शेवटपर्यंत पार पडला. आज ही रचना विसाव्या शतकातील संगीताचा एक मोठा टप्पा मानली जाते. स्त्राविन्स्कीने ती रोरिक यांनाच अर्पण केली आहे आणि रोरिक यांनी रेखाटलेले त्यातील काही वेष लंडनच्या संग्रहालयात जतन केलेले आहेत.

दुसऱ्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जममधील लूव्हाँ नगराचे ग्रंथालय जळाले आणि शतकानुशतके जपलेल्या हस्तलिखितांची राख झाली. पुढच्याच महिन्यात फ्रान्समधील रीम्सच्या भव्य चर्चवर तोफगोळे पडले. रोरिक या बातम्यांनी फार व्यथित झाले. जखमी सैनिकांच्या रक्षणासाठी रेडक्रॉसचे चिन्ह असते. ते दिसले, की शत्रूही गोळी झाडीत नाही. मग ग्रंथालये, संग्रहालये, विद्यालये आणि देवालये यांच्यासाठी असे चिन्ह का असू नये? मोडलेला पूल पुन्हा बांधता येतो, परंतु जळालेले हस्तलिखित पुन्हा लिहिता येत नाही. त्यांनी ही कल्पना रशियाच्या सम्राटापुढे मांडली. मात्र युद्धाच्या धुमाळीत तिकडे लक्ष देण्यास कुणाला सवड नव्हती.

१९१६ च्या अखेरीस फुप्फुसांच्या विकारामुळे रोरिक यांना हवापालटासाठी फिनलंडमधील लादोगा सरोवराच्या काठी जावे लागले. १९१७ साली रशियात क्रांती झाली. फिनलंड स्वतंत्र झाला, सरहद्द बंद झाली आणि रोरिक यांची मायदेशाशी ताटातूट झाली. १९१९ साली ते लंडनला गेले आणि तेथील संगीतिकांसाठी त्यांनी नेपथ्य तयार केले. एलेना आणि निकोलाय यांनी रवींद्रनाथ ठाकुरांची ‘गीतांजली’ रशियन भाषांतरात पूर्वीच वाचली होती. १९२० साली खुद्द रवींद्रनाथ लंडनमध्ये त्यांच्या चित्रशाळेत आले. त्या वेळी रोरिक भारताविषयीचीच चित्रे रंगवीत होते. या भेटीतून दोघांचा कायमचा स्नेह जुळला.

त्याच वर्षी रोरिक अमेरिकेस गेले. तेथील अनेक शहरांत त्यांच्या चित्रांची प्रदर्शने भरली. १९२१ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एक कलासंस्था स्थापन केली. संगीत, चित्रकला, नृत्य आणि नाट्य या सर्व कला तेथे एकाच छपराखाली शिकवल्या जात. कीर्ती व संपत्ती त्यांच्याकडे चालत आली होती. परंतु त्यांचे मन पूर्वेकडे ओढ घेत होते. अखेर २ डिसेंबर १९२३ रोजी रोरिक कुटुंब बोटीने मुंबईस उतरले. भारतातील प्राचीन स्थळे पाहत ते दार्जिलिंगला पोहोचले. इझ्वाराच्या भिंतीवर पाहिलेली कांचनगंगा आता प्रत्यक्ष त्यांच्या खिडकीसमोर उभी होती.

रोरिक यांना मध्य आशियाच्या अंतर्भागातून जाऊन तेथील लोक, भाषा, वनस्पती आणि प्राचीन अवशेष यांचा अभ्यास करायचा होता. १९२५ साली त्यांचा तांडा काश्मीरमधून लडाखमार्गे निघाला. एलेना सर्व वाटभर बरोबर होत्या. थोरला मुलगा यूरी तिबेटी व मंगोल भाषा जाणत होता. काराकोरमच्या खिंडीतून ते चिनी तुर्कस्तानात उतरले. तेथे खोतान येथील अधिकाऱ्यांनी त्यांना कित्येक आठवडे अडकवून ठेवले. त्यानंतर ते मॉस्को, अल्ताई पर्वत आणि मंगोलिया असा वळसा घेऊन गोबीच्या वाळवंटातून तिबेटकडे वळले.

तेथे त्यांच्यावर फार मोठे संकट कोसळले. रोरिक हे रशियाचे हेर असावेत, असा त्या वेळच्या ब्रिटिश सरकारला संशय होता. ऑक्टोबर १९२७ मध्ये तिबेटच्या उंच पठारावर अधिकाऱ्यांनी तांडा अडवला. पुढे जाण्याची परवानगी नाही आणि मागे फिरण्याचीही नाही, अशी आज्ञा झाली. सुमारे पाच महिने त्यांना उन्हाळी तंबूंत काढावे लागले. बाहेर हाडे गोठवणारी थंडी होती. औषधेही गोठून गेली. रोज सकाळी एखादे उपाशी जनावर तंबूच्या दाराशी मरून पडलेले दिसे. सुमारे शंभर जनावरांपैकी नव्वद दगावली. पाच माणसेही मृत्युमुखी पडली. अखेर मार्च १९२८ मध्ये त्यांची सुटका झाली आणि मे महिन्यात ते दार्जिलिंगला परतले. त्यांनी ३५ खिंडी ओलांडल्या होत्या आणि या प्रवासात रोरिक यांनी सुमारे ५०० चित्रे काढली होती.

याच वर्षी रोरिक यांनी ‘उरुस्वती’ ही हिमालय संशोधन संस्था स्थापन केली आणि डिसेंबरमध्ये कुटुंबासह नग्गरला वास्तव्य केले. यूरी संस्थेचे संचालक झाले. डोंगरातील औषधी वनस्पती, तिबेटी वैद्यक, पहाडी लोकांच्या भाषा व चालीरीती यांचा तेथे अभ्यास चाले. रोरिक स्वतः मात्र हिमालयाची रूपे रंगवीत राहिले. पहाटेची निळी शिखरे, सायंकाळची जांभळी शिखरे, ढगांच्या समुद्रावर तरंगणारी शिखरे अशा चित्रांमुळे जगभर त्यांची हिमालयाचे चित्रकार म्हणून ओळख झाली.

परंतु १९१४ साली मनात उमटलेला विचार त्यांनी सोडला नव्हता. १९२९ साली एका कायदेपंडिताच्या साहाय्याने त्यांनी एका आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा तयार करवला. तरुणपणी वडिलांसाठी केलेला कायद्याचा अभ्यास आता कामी आला. युद्धकाळात व शांततेच्या काळातही कला, शास्त्र व शिक्षण यांची स्थाने सर्वांनी सुरक्षित ठेवावीत, असा त्या कराराचा हेतू होता. त्या स्थानांवर फडकवण्यासाठी रोरिक यांनी निशाण रेखाटले. तेच ते तीन तांबड्या गोलांचे शांतिध्वज निशाण होय. भूत, वर्तमान आणि भविष्य यांना कवेत घेणारे अनंतकाळाचे वर्तुळ, असाही त्याचा अर्थ सांगितला जातो. रवींद्रनाथांसारख्या अनेक थोर पुरुषांनी या कल्पनेला पाठिंबा दिला. अखेर १५ एप्रिल १९३५ रोजी वॉशिंग्टन येथे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत अमेरिका खंडातील २१ राष्ट्रांनी या करारावर सह्या केल्या. तो ‘रोरिक करार’ म्हणून ओळखला जातो.

ज्या वर्षी हे यश मिळाले, त्याच वर्षी दुर्दैवही ओढवले. न्यूयॉर्कमध्ये रोरिक यांच्या चित्रांचे मोठे संग्रहालय एका उंच इमारतीत थाटले होते. तेथील धनिक आश्रयदात्याने आता त्यांच्याकडे पाठ फिरवली. वाद न्यायालयात गेला. पुढील काही वर्षांत ती इमारत आणि तीतील शेकडो चित्रे रोरिक यांच्या हातून निसटली. जगातील कलेच्या रक्षणासाठी झटणाऱ्या माणसाला स्वतःची चित्रे राखता आली नाहीत. रोरिक यांनी या आघाताने खचून न जाता नग्गरला आपले काम चालू ठेवले.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. ज्या युरोपीय राष्ट्रांनी करारावर सही केली नव्हती, त्यांच्याच भूमीवर आग पसरली. नोवगोरोद नगराजवळ नेरेदित्सा येथे ११९८ साली बांधलेले चर्च होते. त्याच्या भिंती प्राचीन चित्रांनी भरलेल्या होत्या. १९४१ साली तोफांच्या माऱ्यात ते उद्ध्वस्त झाले. नोवगोरोदमध्ये रोरिक यांनी तरुणपणी उत्खनन केले होते. ज्या ठेव्याचे रक्षण व्हावे म्हणून त्यांनी आयुष्य वेचले, तो त्यांच्याच मायदेशात भस्मसात होत होता. हजारो मैल दूर असलेल्या वृद्ध चित्रकाराला जे करता येण्यासारखे होते ते त्यांनी केले. भारतात चित्रांची प्रदर्शने भरवून आलेला पैसा त्यांनी रशियातील युद्धपीडितांच्या साहाय्यासाठी पाठवला.

१९४२ च्या मे महिन्यात पंडित जवाहरलाल नेहरू व त्यांची कन्या इंदिरा नग्गरला रोरिक यांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले. स्वेतोस्लाव यांनी त्या मुक्कामात नेहरूंचे चित्र काढले. भारत आणि रशिया यांच्यात सांस्कृतिक संबंध कसे वाढवावेत, याविषयी तेथे चर्चा झाली. भारत तेव्हा परतंत्र होता. पाच वर्षांनी तो स्वतंत्र झालेला रोरिक यांना पाहावयास मिळाला. परंतु मायदेशी परतण्याची त्यांची इच्छा मात्र अपुरी राहिली. १३ डिसेंबर १९४७ रोजी नग्गर येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे त्यांच्या कुटुंबाने हे कार्य चालवले. यूरी यांनी तिबेटचा इतिहास सांगणाऱ्या एका मोठ्या ग्रंथाचे भाषांतर केले आणि १९५७ साली मायदेशी जाऊन तेथे तिबेटी विद्येच्या अध्ययनाला नवी चालना दिली. स्वेतोस्लाव हेही नामवंत चित्रकार झाले. मुंबईच्या बॉम्बे टॉकीजमुळे ख्यातनाम झालेल्या अभिनेत्री देविकाराणी यांच्याशी १९४५ साली त्यांचा विवाह झाला. ते दोघे पुढे बंगळूरजवळ स्थायिक झाले. नग्गरच्या घरात आता रोरिक कुटुंबाचे संग्रहालय आहे. ज्या नऊ चित्रकारांच्या कृती भारत सरकारने राष्ट्रीय कलानिधी ठरवून देशाबाहेर विकण्यास मनाई केली आहे, त्यांत निकोलाय रोरिक यांची गणना होते.

आणि त्या कराराचे काय झाले? दुसरे महायुद्ध संपल्यानंतर जगाला आपली चूक उमगली. १९४८ साली स्वतंत्र भारताने रोरिक कराराला मान्यता दिली. १४ मे १९५४ रोजी हेग येथे अनेक राष्ट्रांनी एकत्र येऊन युद्धकाळात सांस्कृतिक ठेव्याचे रक्षण करण्याचा नवा करार केला. रोरिक करारात मांडलेला विचारच त्यात अधिक व्यापक स्वरूपात आला. आता त्यासाठी निळ्या-पांढऱ्या ढालीचे चिन्ह वापरले जाते. अजूनही युद्धांत प्राचीन वास्तू पाडल्या जातात, ग्रंथालये जाळली जातात. परंतु पूर्वी ज्याला केवळ युद्धाचे नुकसान म्हणत, त्याला आज गुन्हा म्हणतात.

१२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन याने पहिल्यांदा अंतराळातून पृथ्वी पाहिली. क्षितिजावरील नारिंगी, निळ्या, जांभळ्या छटांचे वर्णन करताना त्याला रोरिक यांच्या चित्रांची आठवण झाली. हिमालयाच्या शिखरांवर चित्रकाराने टिपलेले रंग एका वैमानिकाला त्याहूनही उंचावर सापडले.

टॉलस्टॉय यांनी सांगितल्याप्रमाणे रोरिक यांनी आपली नाव नेहमी वरच्या अंगाला हाकली. प्रवाहाने ती खाली ओढली. देश दुरावला, संग्रहालय गेले, युद्धे थांबली नाहीत. तरीही ती नाव पैलतीराला लागली. थडग्यातील कंकण हळुवार हाताने उचलणाऱ्या एका मुलाने मोठेपणी साऱ्या जगाला तीच हळुवारता शिकवण्याचा प्रयत्न केला. नग्गरची ती शिळा देवदारांच्या सावलीत त्याचीच साक्ष देत उभी आहे.